बारा नंबरची सीट

माझ्या सीटवर एक माणूस बसला होता.

बाहेर पाऊस कोसळत होता. मेदेयीनमध्ये दुपारी तो असाच येतो, कुणी हाक मारल्यासारखा. सोमवारची सुट्टी जोडून आलेली, त्यामुळे हार्दीन गावाची गाडी खच्चून भरलेली. मी ओली छत्री हातात घेऊन मधल्या वाटेत उभी, आणि हा माणूस खिडकीच्या काचेवरून ओघळणारे थेंब आतून बोटाने गिरवतोय.

"ही माझी सीट आहे," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. घाई न करता खिशातून तिकीट काढलं. "बारा," तो म्हणाला. "हार्दीन. आजचीच तारीख."

मी माझं तिकीट पुढे केलं. बारा. हार्दीन. आजचीच तारीख.

"कमाल आहे... एक सीट दोघांना विकली! हा प्रोग्रॅम कुठल्या गाढवाने लिहिलाय?"

"ते गाढव रिटायर झालं," मी म्हटलं. "आता तो प्रोग्रॅम मी सांभाळते."

तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. तिकिटांची साइट आमच्याच बस कंपनीची होती आणि ती चालवणारी मी एकटी होते. सुट्ट्यांच्या गर्दीत तिच्याकडून असं होतं हे मला माहीत होतं. माझ्यावरच वेळ येईल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

एव्हेलिओ ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "एकाने सीटवर बसा, एकाने इथे माझ्याजवळ बॉनेटवर. अर्ध्या वाटेवर बोलोम्बोलो आलं की बदला. भांडायचं असेल तर खाली उतरून भांडा."

"तुम्ही बसा," तो माणूस मला म्हणाला. "मला रस्ता बघायचाय."

बोलोम्बोलोला गाडी थांबली तेव्हा पाऊस मागे राहिला होता आणि ऊन चटके देत होतं. त्याने मीठ-लिंबू लावलेल्या कैरीच्या दोन पिशव्या घेतल्या. एक माझ्या हातात ठेवली.

"हे काय?"

"अर्ध्या वाटेचं भाडं. तुमची सीट घेतोय ना आता."

तो डोळे मिटून, तोंड वाकडं करून कैरी खात होता. गोड मला आवडत नाही, म्हणाला, आणि आम्हा दक्षिणेकडच्या पास्तोच्या लोकांना लोक आधीच हसतात, त्यात ही आणखी एक भर. पास्तोवाल्यांवरचे विनोद या देशात सगळ्यांना पाठ असतात. मलाही होते. मी एकही सांगितला नाही... का, ते तेव्हा कळलं नाही.

उरलेली वाट मी बॉनेटवर बसून काढली. ड्रायव्हरच्या आरशात बारा नंबरची सीट नेमकी दिसते हे मला त्या दिवशी कळलं. बारा नंबरच्या सीटवरून बॉनेटही दिसतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण आमची नजरानजर झाली. दोनदा. मी लगेच छत्रीकडे पाहिलं, जणू ती वाळली की नाही याची मला फार चिंता होती.

नाव विचारायचं राहूनच गेलं. आपणहून विचारणाऱ्यांतली मी नाही.

मंगळवारी ते न विचारताच कळलं. आमचं ऑफिस बस टर्मिनलच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे आमच्या मालकीणबाई, दोन्या ओफेलिया, त्याला घेऊन आल्या. "हा फेर्मिन. आपली साइट आता नव्याने लिहायची. पायथनमध्ये. म्हणून आणलाय याला." आणि मग त्याला म्हणाल्या, "ही लुसेली. जुनं सगळं हिच्या ताब्यात."

फेर्मिनने माझ्याकडे पाहिलं. कान पुन्हा लाल. "इथे बसू का? ही खुर्ची रिकामी आहे?"

"नीट बघून बस. आमच्याकडे एक जागा दोघांना देतात."

दोन्या ओफेलियांनी आयुष्याची पहिली वीस वर्षं खाली खिडकीवर तिकिटं फाडली होती. त्यांना प्रोग्रॅममधलं काही कळत नसे आणि माणसांतलं सगळं कळे. ऑगस्टमधल्या आधीच्या सुट्टीतही एकेका सीटसाठी दोन-दोन माणसं खिडकीवर येऊन ओरडली होती. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की आपल्या साइटची भाषा, पीएचपी, म्हातारी झाली, सगळं जग पायथनकडे चाललंय.

"भाषेचा दोष नाहीये," मी म्हटलं.

"धडक झाली की आमचे ड्रायव्हरही असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "गाडीचा दोष नाही, माझा नाही, रस्ता मध्ये आला."

"पायथनमध्ये काम स्वच्छ होतं," फेर्मिन नम्रपणे म्हणाला.

"पीएचपीमध्ये काम झालेलं आहे," मी तितक्याच नम्रपणे म्हटलं.

त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि टेबलावर टिचकी मारली. "माझ्याकडे दोन ड्रायव्हर गाड्यांवरून भांडले, की मी त्यांच्या गाड्या बदलते. सीट विकायचं पान दोघांनी नव्याने लिहा. पोरी, तू त्याच्या भाषेत. आणि तू हिच्या. सप्टेंबरात प्रेम-मैत्रीचा सण, त्या शुक्रवारी मला सांगा, कुठली ठेवायची."

दारातून बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "त्याचा करार सप्टेंबरअखेरपर्यंत. पायथन ठरली तर तो राहील. नाही तर पास्तोची गाडी धरेल. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मला ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मग आमच्या टेबलांमधलं अंतर कमी झालं. शिकवायचं म्हटलं की एकाच पडद्यात दोघांना बघावं लागतं. फेर्मिन डावखुरा होता, मी उजव्या हाताची. त्यामुळे कोपराला कोपर लागायचं आणि दोघंही एकदम "सॉरी" म्हणायचो.

"प्रत्येक नावाआधी डॉलरची खूण?" तो पीएचपी लिहिताना कुरकुरायचा. "आपल्या देशात पेसो चालतात, लुसेली."

"आणि तुझ्या पायथनमध्ये डावीकडची एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली, की सगळं रुसून बसतं. इतकं नाजूक माणसाने तरी असू नये."

"रुसत नाही. नीटनेटकं राहा, एवढंच सांगतं."

"माझी आईही एवढंच सांगते. म्हणून मी वेगळी राहते."

तो सगळ्यांना "तुम्ही" म्हणायचा. मला, टर्मिनलच्या रखवालदाराला, जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "सरकता का जरा?" असं तो कुत्र्याला म्हणायचा आणि कुत्रं सरकायचं. पायथन मला आवडू लागली होती, हे मी कबूल केलं नाही. स्वच्छ होती, शांत होती, बोलायला गोड होती. पण ते तिच्यामुळे की शिकवणाऱ्यामुळे, हे वेगळं काढता येईना.

सप्टेंबर लागला की आमच्याकडे कुठल्याही ऑफिसात काम कमी आणि गंमत जास्त. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर ज्याचं नाव, त्याचा गुप्त मित्र व्हायचं. त्याच्या टेबलावर कुणाला न दिसता गोडधोड ठेवत राहायचं आणि प्रेम-मैत्रीच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर, भेट देऊन, मीच तो म्हणून सांगायचं. माझ्या चिठ्ठीवर फेर्मिनचं नाव आलं.

मी पहिल्यांदा पेरूची वडी ठेवली, पानात बांधून. त्याने ती उघडली, वास घेतला आणि सगळ्यांत वाटून टाकली. एक तुकडा माझ्या कीबोर्डवर ठेवला. "घ्या. आज तुम्ही माझ्या डॉलरना हसला नाहीत." नंतर मी आटवलेल्या दुधाची पापडी ठेवली. तीही माझ्याच पोटात गेली. माझीच खरेदी फिरून माझ्याकडे येत होती आणि वर मला आभारही मानावे लागत होते.

शेवटी एके सकाळी मी घरी कैऱ्या कापल्या, मीठ-लिंबू लावलं आणि त्याच्या टेबलावर डाव्या हाताला ठेवल्या. गुप्त मित्राला असलं आंबट काही कुणी देत नाही. ऑफिस हसलं. फेर्मिन हसला नाही. त्याने ती पिशवी एकट्याने संपवली, कुणाला फोडही दिली नाही, आणि बोटांचं मीठ रुमालाला हळूहळू पुसलं.

"लुसेली," तो म्हणाला, "जरा डोकं चालवा. कोण असेल ही?"

"ही? पुरुषही असेल."

"नाही... बाईच. मला वाटतं, खाली खिडकीवरची युरानी."

"का बरं?"

"ती हसते माझ्याकडे बघून."

"ती सगळ्यांकडे बघून हसते. त्याचा तिला पगार मिळतो."

"तुम्हाला राग आला?"

"मला कशाला राग येईल? उलट छान आहे युरानी. डोळे सुंदर आहेत, हात स्वच्छ आहेत. कैऱ्या किती बारीक कापल्यात बघ ना तिने."

तो गंभीरपणे मान डोलावत राहिला. मी त्या दिवशी पायथनमध्ये डावीकडच्या जागा इतक्या चुकवल्या, की प्रोग्रॅम एकदाही चालला नाही. मीच कापलेल्या कैरीचा मला मत्सर वाटत होता. घरी जाताना जिन्यात थांबून मी स्वतःला स्पष्ट सांगितलं, की लुसेली, तू या माणसाच्या प्रेमात पडली आहेस. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दोघांची पानं तयार झाली. ठरलेल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी आम्ही ती तपासून पाहिली. युरानी, रखवालदार, चहाकॉफी करणारी नेल्सी आणि आम्ही दोघं, असे पाच जण फोन घेऊन बसलो. युरानीने शिट्टी वाजवली की सगळ्यांनी एकदम बारा नंबरची सीट विकत घ्यायची.

आधी जुन्या धाटणीचं, पीएचपीतलं. शिट्टी वाजली. सीट दोघांना मिळाली.

मग पायथनमधलं. शिट्टी वाजली. सीट तिघांना मिळाली.

फेर्मिनने पडद्याकडे पाहिलं. "माझी भाषा जास्त उदार आहे," तो म्हणाला.

मग ते दोघांच्याही डोळ्यांसमोर लख्ख झालं. प्रोग्रॅम विचारायचा, बारा रिकामी आहे का? उत्तर यायचं, आहे. मग पैसे, मग नाव, मग तिकीट. या मधल्या वेळात दुसरा कुणी तेच विचारायचा आणि त्यालाही तेच उत्तर मिळायचं. विचारलं तेव्हाच जागा धरून ठेवायला हवी होती. तेवढं कुलूप आम्ही घातलं, दोन्ही भाषांत, मोजक्या ओळींचं. पुन्हा शिट्टी वाजली. सीट एकालाच मिळाली आणि बाकीच्यांना माफी. दोन्हीकडे.

सगळे निघून गेले. आम्ही टर्मिनलच्या गॅलरीत आलो. खाली गाड्यांच्या टपांवर पाऊस वाजत होता.

"पायथनमधलं वाचायला सोपं आहे," मी म्हटलं. "उद्या नवीन माणूस आला तर..."

"लुसेली."

"आणि पुढच्या काळाचा विचार केला तर..."

"लुसेली. चूक भाषेची होती?"

"...नाही."

"डिसेंबरच्या गर्दीआधी सगळी साइट नव्याने लिहून होईल?"

"नाही."

"मग उद्या तसं सांगा."

"तू जाशील."

"हो."

त्याने कठड्यावरचं पाणी डाव्या हाताने निपटलं. "माझ्यासाठी खोटं बोललात तर मी राहीन. रोज तुमच्या शेजारी बसेन. आणि रोज मनात येईल, की या बाईने चालत्या गाडीचं इंजिन माझ्यापायी उतरवलं. मला ते नको... तुमच्याबद्दल तर नकोच."

"फार मोठा समजतोस स्वतःला. तुझ्यापायी कोण करतंय?"

"कुणी नाही," तो म्हणाला आणि पावसाकडे बघत राहिला.

शुक्रवारी दोन्या ओफेलियांनी आम्हाला समोर बसवलं. "सुट्टीच्या दिवशी फोन तुझा वाजतो, पोरी. तूच सांग. कुठली?"

पायथनच्या बाजूने माझ्याकडे एक चांगलं, घोटलेलं वाक्य तयार होतं. त्यांना त्यातलं काही कळलं नसतं आणि त्यांनी ते मानलं असतं. फेर्मिन पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. त्याने वर पाहिलं नाही. मला वाटलं, एकदा बघेल, म्हणजे मला ते वाक्य बोलायचं तरी बळ येईल, नाही तर न बोलायचं.

"पीएचपी," मी म्हटलं. "चूक भाषेची नव्हती. जागा धरून ठेवायची राहिली होती. आता ते केलंय."

"आणि तू?" त्यांनी त्याला विचारलं.

"बरोबर आहे त्यांचं. माझ्या पायथनने तर सीट तिघांना विकली होती. लुसेली सभ्य आहेत, म्हणून बोलल्या नाहीत."

दोन्या ओफेलियांनी टेबलावर टिचकी मारली. "असा माणूस ठेवायला मला आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "पण द्यायला काम नाही रे." आणि मग, जणू काही झालंच नाही, "चला, केक कापायचाय."

केक कापला. एकेक जण उठून आपल्या मित्राच्या खुणा सांगू लागला. युरानी रखवालदाराची गुप्त मैत्रीण निघाली, त्याला मोजे मिळाले. मग मी उठले.

"माझा मित्र गोड खात नाही. डॉलरला घाबरतो. कुत्र्याशी अदबीने बोलतो. आणि..." पुढे जे बोलायचं होतं ते ऑफिससमोर बोलण्यासारखं नव्हतं. "आणि झालं."

फेर्मिन उठून जवळ आला. त्याला जराही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला माहीत होतं!"

"कैरीच्या दिवसापासून," तो हळूच म्हणाला. "बोलोम्बोलोची गोष्ट या ऑफिसात आणखी कुणाला माहीत होती?"

"मग ते युरानी-युरानी?"

"तुमचा चेहरा बघायला. फार चांगला दिसत होता."

मी त्याच्या हातात पाकीट कोंबलं. आत तिकीट होतं. ऑक्टोबरची जोडून आलेली सुट्टी, मेदेयीन ते हार्दीन, सीट नंबर बारा.

"मी तेव्हा पास्तोत असेन, लुसेली. एक दिवस आणि एक रात्र लागते यायला."

"दिलेलं तिकीट परत घेतलं जात नाही."

"आणि तुम्ही?"

मी माझं तिकीट दाखवलं. तीच गाडी. सीट नंबर बारा.

दोन्या ओफेलियांनी चष्मा लावून दोन्ही तिकिटं ओढून घेतली. "परत? आत्ताच दुरुस्त झालं म्हणालात ना दोघं!"

"झालंय. मी मिनिटभर कुलूप काढलं होतं. लगेच लावलं."

"कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तिकिटं परत केली आणि केकचा मोठा तुकडा उचलला.

फेर्मिनने तिकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही. महिनाअखेरीला तो पास्तोच्या गाडीत बसला. मी खाली निरोपाला गेले नाही. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून तो फलाट दिसतो, एवढं पुरे होतं. शेजारच्या खुर्चीवर नंतर मी माझी छत्री ठेवायला लागले.

ऑक्टोबरमध्ये साइट बिनबोभाट चालली. खिडकीवर कुणी ओरडलं नाही. मी हार्दीनच्या गाडीत चढले तेव्हा पाऊस होताच. बारा नंबरची सीट लांबूनच दिसली. रिकामी.

एकच सीट, दोघांना विकलेली, आणि तिथे कुणीही नाही. मला रडू आलं, अगदी सरळ रडू. ते लपवायला मी छत्री झटकत राहिले. शेजारी अकरा नंबरवर कुणीतरी लोकरी घोंगडं डोक्यावरून ओढून झोपलं होतं. त्याचे गुडघे वाटेत.

"सरकता का जरा?" मी म्हटलं.

"कुत्र्याला म्हणतात तसं म्हणताय," घोंगड्यातून आवाज आला.

मी उभीच राहिले. त्याने घोंगडं खाली केलं. रात्रभराच्या प्रवासाने केस उभे, डोळे लाल, कानही लाल.

"तू... आलास?"

"मंगळवारी इथे मुलाखत आहे. फुलं निर्यात करणाऱ्यांकडे. त्यांना साइट सांभाळणारा हवाय."

"पायथनमध्ये?"

"पीएचपीमध्ये. डॉलरसकट."

मी हसले आणि डोळेही पुसले, दोन्ही एकदम. एव्हेलिओने आरशातून पाहिलं. "परत तुम्ही दोघं? या वेळी बॉनेटवर कोण?"

"कुणी नाही," फेर्मिन म्हणाला. मग माझ्याकडे वळून, खिशाचं बटण काढत, त्याने मी दिलेलं तिकीट दाखवलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "बाराचं जपून ठेवलंय. बसायला मी अकराचं घेतलं, पास्तोहूनच, तुमच्या साइटवर. विचारलं आणि लगेच धरून ठेवलं."

"अकराचं कशाला?"

"आळीपाळीने नको होतं, लुसेली. शेजारी हवं होतं."

मी त्याच्या गुडघ्यांवरून आत गेले आणि खिडकीपाशी बसले. गाडी टर्मिनलबाहेर पडली. माझा उजवा हात त्याच्या डाव्या हाताला लागला. या वेळी कुणी सॉरी म्हटलं नाही.